मोहिमेची परतवारी



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते आपले ग्रंथपाल काका मला आठवतात ते वहीवर वाकलेले. मी नोकरीसाठी बेंगळुरूत नवी आले होते आणि मराठी पुस्तक मिळण्याची हे वाचनालय हीच एक जागा मला माहीत होती. पुस्तक नेताना ते नुसता क्रमांक टिपून घेत. परत आणलं की मात्र चष्मा लावून पानं चाळत आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहीत, ‘पान ११२ सुटं’, ‘पाठीला ओल’. एकदा मी घाईत होते. ते म्हणाले, “बाई, नेताना कसं होतं आणि आणताना कसं आहे, हे ताडून लिहिल्याशिवाय माझं काम पुरं होत नाही. बसा जरा.” मी बसले. त्या पाच मिनिटांचं मोल पुढे माझ्या स्वतःच्या कामात कळलं.

माझी सगळी नोकरी वातावरण मोजणाऱ्या उपकरणांत गेली. तापमान, आर्द्रता, वारा, ऊन. मी सिद्धांत मांडणाऱ्यांपैकी नव्हे. उपकरणं लावायची, राखायची आणि मोहीम संपली की पुसून, तपासून खोक्यांत भरायची, हे माझं काम. आज मी या शेवटच्या कामाबद्दल बोलणार आहे.

आषाढीला पालख्या पंढरपूरकडे निघतात तेव्हा रस्त्याला माणूस मावत नाही. त्याच पालख्या परत आळंदीला आणि देहूला येतात, तेव्हा सोबत थोडेच वारकरी असतात. त्या परतवारीची बातमी फारशी कुठे येत नाही, पण ती चालल्याशिवाय पालखी घरी पोचत नाही. शास्त्रीय मोहिमांचंही असंच आहे. जहाज निघतं तेव्हा हार, नारळ, छायाचित्रं सगळं असतं. परतीला चार जण उरतात आणि ते पॅकिंग लिस्ट तपासत असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की मोहिमेतून काय हाती लागलं, हे या परतवारीत ठरतं. आपल्याकडे मात्र तिला ना दिवस मिळतात, ना पैसे, ना कुणाचं नाव.

१९९९ च्या एका मोहिमेची गोष्ट घेते, कारण तिचं मूळ आपल्याच गावात आहे. आपण ज्याला अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतो, त्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८२ साली वातावरण आणि महासागर यांच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. त्याच्या उभारणीत सुलोचना गाडगीळ होत्या. १९४४ साली पुण्यात जन्मलेल्या, हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन १९७१ मध्ये भारतात परतलेल्या आणि १९७३ पासून बेंगळुरूच्या झालेल्या सुलोचनाबाई जुलै २०२५ मध्ये गेल्या. सभागृहातल्या काही जणांना त्या शेजारीण म्हणून माहीत असतील. मोसमी पावसाचा अभ्यास करणाऱ्यांना त्या १९८० साली देवराज सिक्का यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधामुळे माहीत आहेत. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून रोजच्या ढगांचे पट्टे आखून त्या दोघांनी दाखवलं, की मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा उन्हाळ्यात जमिनीवर सरकून येणं. शाळेत आपण शिकलो तो समुद्राच्या आणि जमिनीच्या वाऱ्यांचा खेळ एवढ्या पसाऱ्याला पुरा पडत नाही.

त्यानंतर १९८४ मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे २८ अंशांच्या खाली असेल, तर त्याच्यावर उंच, भरघोस ढग क्वचितच उभे राहतात. ते त्याच्या वर गेलं की ढग उभे राहू शकतात. राहतीलच असं मात्र नाही. आता बंगालचा उपसागर पावसाळ्यात जवळजवळ सतत या रेषेच्या वरच असतो. तरी तिथे आठवडाभर आभाळ फाटतं आणि पुढचा आठवडा कोरडा जातो. समुद्र गरम असूनही ढग का थांबतात आणि पुन्हा कशाने उठतात? महाराष्ट्राच्या पावसासाठी हा प्रश्न लांबचा नाही. उपसागरात उठलेल्या प्रणाली पश्चिमेकडे सरकतात, तेव्हा विदर्भाची आणि मराठवाड्याची शेतं भिजतात.

उत्तर शोधायचं तर भर जुलै-ऑगस्टमध्ये उपसागराच्या मध्यावर जाऊन उभं राहायला हवं होतं. त्यासाठी बॉबमेक्स ही मोहीम आखली गेली. १९९८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिची रंगीत तालीम झाली आणि १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘सागरकन्या’ आणि ‘सागरध्वनी’ ही दोन जहाजं निघाली. एक उपसागराच्या उत्तर भागात, दुसरं दक्षिणेकडे. तिथे ती दिवसेंदिवस एकाच जागी थांबली. जहाज चालतं तेव्हा कमी हलतं. थांबलेलं जहाज लाटांवर डोलत राहतं आणि पोटात काही ठरत नाही. त्या अवस्थेत माणसं डेकवर हवा मोजणारे फुगे फुगवून आकाशात सोडत होती आणि पाण्यात तारेने उपकरणं उतरवून खोलीनुसार खारटपणा आणि तापमान मोजत होती. मी त्या जहाजांवर नव्हते. मी नंतरच्या मोहिमांमधली.

हाती काय लागलं? एक म्हणजे, मोठा पाऊस पडला की हवेत साठलेली, ढगांना वर उचलणारी ऊर्जा झपाट्याने खाली येते, पण एक-दोन दिवसांत पुन्हा भरून निघते. म्हणजे उपसागरावरचं आभाळ इंधन संपलं म्हणून आठवडाभर गप्प बसत नाही. अडवणारं कारण दुसरीकडे शोधायला हवं. दुसरी गोष्ट मला फार सुंदर वाटते. गंगा-ब्रह्मपुत्रेचं आणि पावसाचं गोडं पाणी उत्तर उपसागरात येऊन वर पसरतं. ते हलकं असल्याने तरंगत राहतं. खालच्या खाऱ्या पाण्याशी ते सहजी मिसळत नाही. जुलै संपता संपता उत्तरेकडच्या जहाजाखाली असा गोड्या पाण्याचा थर येताना प्रत्यक्ष मोजला गेला. या पातळ थरामुळे ऊन वरच्या काही मीटर पाण्यातच अडकतं आणि पावसाने निवलेला समुद्र ढग पांगताच पुन्हा तापतो. नद्या ज्या पावसावर वाहतात, त्या पावसाला लागणारी ऊब टिकवायला त्यांचंच पाणी हातभार लावतं.

पण ही वाक्यं जहाजावर कुणी लिहिली नव्हती. मोहीम ऑगस्टअखेर संपली. तिचा सविस्तर वृत्तांत जी. एस. भट आणि डझनाहून अधिक सहकाऱ्यांच्या नावाने अमेरिकन मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये २००१ साली आला. समुद्रावर सहा-सात आठवडे; टेबलाशी दोन वर्षं. या दोन वर्षांचा फोटो कुणी काढत नाही.

या परतवारीत करायचं काय असतं, ते माझ्या अनुभवातून सांगते. लक्षद्वीपातल्या एका बेटावर आमची मोहीम होती. शेवटचे आठ दिवस आवराआवरीसाठी राखले होते. त्यातले तीन हातचे गेले, कारण बोट दोन दिवस आधी येणार असा निरोप आला आणि एक दिवस पावसात गेला. उपकरणांचा खांब उतरवण्याआधी प्रत्येक उपकरणाचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे होकायंत्र धरून लिहायचं आणि त्याचा फोटो घ्यायचा. एकदा नट सैल केला की ती माहिती पुन्हा मिळत नाही. ऊन मोजणाऱ्या उपकरणावर काचेचा घुमट असतो. त्याच्यावर मिठाचा पापुद्रा इतका पातळ धरतो की डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं तर लागतो. तो डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, पण धुण्याआधीचं वाचन आणि धुतल्यानंतरचं वाचन दोन्ही घ्यायची. फरक किती ते कळलं तरच मागच्या आठवड्यांचे आकडे सुधारता येतात. जोडण्यांवर हिरवा कळंक चढलेला असतो. एका पेटीत मुंग्यांनी घर केलं होतं. आत ठेवलेल्या सिलिका जेलच्या निळ्या पुड्या गुलाबी झाल्या होत्या. म्हणजे आत ओल शिरली होती, आणि कधीपासून, ते कुणी लिहिलं नव्हतं.

मग शेवटची तपासणी. सगळे तापमापक एका टबात, एकाच पाण्यात बुडवून दुपारभर शेजारी शेजारी ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी वाचायचे. निघताना ते एकमेकांशी जुळत होते. महिनाभर खारं वारं खाऊन अजून जुळतात का? काका पुस्तकाची पानं चाळायचे, तेच हे. टबाशी बसलेल्या मुलाला त्या दुपारी खूप कंटाळा आला होता. त्याने भरलेल्या दोन पानांवर पुढे आमच्या सगळ्या तापमानाच्या दुरुस्त्या बेतलेल्या आहेत.

आता आमची चूक सांगते. वाऱ्याचं उपकरण एका नोंदयंत्राला जोडलेलं होतं, तापमानाचं दुसऱ्याला. एकाचं घड्याळ भारतीय वेळेवर, दुसऱ्याचं ग्रीनिचवर. हे माहीत होतं आणि वहीत लिहिलेलंही होतं. मध्ये एकदा बॅटरी बदलताना कुणीतरी एक घड्याळ ‘बरोबर’ केलं आणि ते लिहायचं राहिलं. परत आल्यावर तीन महिने आकडे जुळेनात. पावसाच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते तेव्हा वाऱ्याचा झोत आणि तापमानाची घसरण एकदमच यायला हवी. आमच्याकडे आधी दोन्ही एकत्र यायचे आणि एका दिवसापासून झोत दुपारी तर गारवा रात्री, असं व्हायला लागलं. अंतर मोजलं तर साडेपाच तास. तेव्हा डोक्यात उजेड पडला. जिथे असा झोत होता ते दिवस आम्ही सावरले. पण घड्याळ नेमकं कोणत्या तासाला फिरवलं हे कधीच निश्चित झालं नाही, म्हणून दोन दिवसांचे आकडे सोडून द्यावे लागले. त्या दोन दिवसांसाठी माणसं बोटीने गेली होती, उन्हात उभी राहिली होती. एक ओळ लिहायची राहिली आणि ते सगळं गेलं. ती बॅटरी बदलताना मी तिथेच उभी होते.

ही फक्त आमच्यासारख्या लहान चमूंची गोष्ट आहे असं समजू नका. १९९२ च्या नोव्हेंबरपासून १९९३ च्या फेब्रुवारीपर्यंत पश्चिम पॅसिफिकच्या गरम पाण्यावर टोगा-कोअर ही प्रचंड मोहीम झाली. अनेक देश, जहाजं, विमानं आणि बेटाबेटांवरची केंद्रं. तिथून हजारोंनी फुगे सोडले गेले. प्रत्येक फुग्याखाली हवेतला ओलावा मोजणारा संवेदक होता. मोहीम आटोपली आणि मग लक्षात आलं, की ओलावा खरा होता त्याहून कमी नोंदला गेला आहे. कारण निघालं ते संवेदकाच्या वेष्टनात. त्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ संवेदकाच्या पातळ पापुद्र्याला चिकटून बसायची आणि पाण्याच्या रेणूंची जागा अडवायची. संवेदक जितका जुना, तितकी चूक मोठी. जगातल्या सर्वांत ओल्या हवेपैकी एक हवा कागदावर कोरडी दिसत होती आणि तिच्यातली ढग उभारण्याची ताकद तोकडी ठरत होती.

ही चूक दुरुस्त झाली. दुरुस्तीचा निबंध २००२ साली आला, म्हणजे मोहिमेनंतर नऊ वर्षांनी. ती शक्य झाली कारण प्रत्येक संवेदकाचा अनुक्रमांक नोंदलेला होता आणि अनुक्रमांकावरून तो कधी बनला ते कळत होतं. फुगा सोडणाऱ्याला भर पावसात तो आकडा लिहिण्याचं काहीच प्रयोजन दिसत नसणार. तरी त्याने लिहिला.

पॅसिफिकमधलंच आणखी एक उदाहरण इथे द्यायला हवं. पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावर १९९६ पासून आणि नाउरूवर १९९८ पासून अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने कायमची निरीक्षण केंद्रं चालवली. नाउरू हा जेमतेम २१ चौरस किलोमीटरचा ठिपका. तिथे मोजलं की ते भोवतालच्या समुद्राचं मोजमाप, असं गृहीत होतं. पुढे दिसलं की हा ठिपका दिवसा तापतो आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला स्वतःच्याच ढगांची शेपटी ओढतो. मग आपण समुद्र मोजतोय की बेट, हे ठरवायला वेगळी मोहीम काढावी लागली. नाउरूचं केंद्र २०१३ मध्ये बंद झालं, मानुसचं २०१४ मध्ये. बंद करतानाही त्यांनी नोंदी नीट लावल्या. आज बेंगळुरूच्या वसतिगृहात बसलेली मुलगी मानुसच्या आभाळाचे आकडे उतरवून घेऊ शकते. आपल्या किती मोहिमांबद्दल असं म्हणता येईल?

मला राग येतो तो इथे. आपल्याकडे बुद्धीची वाण नाही. बॉबमेक्स, त्यानंतर अरबी समुद्रावरची आर्मेक्स, २०१६ साली ‘सिंधू साधना’ जहाजावरून बेंगळुरूच्या पी. एन. विनयचंद्रन यांच्या पुढाकाराने झालेली बॉबल, सगळ्या मोहिमा जगाने वाखाणल्या. पण मोहिमेचं अंदाजपत्रक मांडताना आवराआवरीसाठी वेगळा पैसा मागितला, तर समोरची समिती विचारते, ‘हे कशाला?’ उपकरणांची मागाहून तपासणी म्हणजे चैन समजतात. कंत्राटावरच्या मुलांची मुदत मोहिमेबरोबर संपते आणि ती निघून जातात, त्यांच्या डोक्यातल्या माहितीसकट. मग कपाटात एक हार्ड डिस्क उरते आणि तिच्यावरच्या रकान्यांना नावं नसतात.

अण्णा मणी असत्या तर हे खपवून घेतलं नसतं. पुण्याच्या वेधशाळेत, ज्या इमारतीला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, तिथे त्या १९४८ साली आल्या. तेव्हा साध्यासाध्या उपकरणांसाठी आपण परदेशावर अवलंबून होतो. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती इथेच बनवायला लावली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, अशी त्यांची पक्की धारणा होती. निवृत्तीनंतर त्या बेंगळुरूला रामन संशोधन संस्थेत आल्या आणि भारतातल्या सौर किरणांची जाडजूड कोष्टकं १९८० आणि १९८१ मध्ये छापून दिली. सौरऊर्जेचा बाजार तेव्हा नव्हता. ही कोष्टकं म्हणजे आधीच्या अनेक वर्षांच्या निरीक्षणांची परतवारीच होती.

कधी कधी मोहिमेला हवं ते भेटतच नाही. आर्मेक्सच्या वेळी २००२ च्या जून ते ऑगस्टमध्ये कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मुसळधार पाऊस कसा घडतो ते पाहायचं होतं. आणि त्या जुलैत देशभर पाऊस सरासरीच्या निम्म्यावर आला. किनाऱ्याला जहाज आणि उपकरणं सज्ज, आणि पाऊस रुसलेला. त्या मोसमाचा एकूण पाऊस सरासरीच्या ८१ टक्के भरला. अशा मोहिमेची वही लोक गुंडाळून ठेवतात. सुलोचनाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये या कोड्यात टाकणाऱ्या मोसमावर लिहिलं. पुढे २००४ मध्ये विषुववृत्तीय हिंदी महासागरावरच्या वाऱ्या-ढगांच्या झोक्याची कल्पना मांडली. एल निनो एकटा आपल्या दुष्काळाचा हिशेब देऊ शकत नाही, हा झोकाही बघावा लागतो, हे त्यातून कळलं. न पडलेला पाऊसही नीट लिहावा लागतो.

माझे आजोबा खानापूरच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. रोज सकाळी साडेआठला ते पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतत आणि वहीत आकडा लिहीत. घाटाच्या तोंडावरचं गाव, पावसाळ्यात आकडे मोठे. मी लहानपणी विचारलं होतं, की काल संध्याकाळी पडलेला पाऊस आजच्या तारखेला का लिहिता? त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून दाखवलं. तिथे लिहिलं होतं, की नोंद सकाळी साडेआठची, आधीच्या चोवीस तासांची. पर्जन्यमापक कुठे आहे, जवळचं झाड किती पावलांवर होतं आणि ते कधी तोडलं, हेही होतं. ‘हे पान नसेल तर पुढची पानं कुणाच्या कामाची नाहीत,’ ते म्हणाले होते. त्यांच्या बदलीनंतर त्या वहीचं काय झालं, हे मला आजही माहीत नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत. इथे निधी देणाऱ्या समित्यांवर बसणारे काही जण आलेले मला दिसतात. पुढचा प्रस्ताव समोर येईल तेव्हा शेवटच्या तीन महिन्यांचा खर्च आणि ते काम करणाऱ्यांची नावं त्यात आहेत का, ते पाहा. नसतील तर परत पाठवा. आणि बाकीच्यांना: निपाणी, खानापूर, सावंतवाडी, चिपळूण, कुठलंही गाव असो, घरात कुणी आजी-आजोबांनी ठेवलेली पावसाची वही असेल, तर ती रद्दीत देऊ नका. पहिल्या पानावर नोंदीची वेळ, जागा आणि लिहिणाऱ्याचं नाव नसेल, तर आठवतं तोवर आजच लिहा, प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा आणि वही घेऊन या वाचनालयात या. इथल्या कपाटाचा एक खण त्यासाठी आजपासून मोकळा केला आहे.